कानबाईच्या पायाखालची माती

भेगेत पहिलं बोट घातलं ते मंदाबाईनं.

गल्लीतल्या जुन्या घरून त्या डोक्यावर पदर घेऊन आल्या, चपला काढल्या, चौरंगावर नारळाच्या रूपात बसलेल्या कानबाईला घाईघाईनं हात जोडले आणि सरळ मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. करंगळी आत गेली. मग तिच्या शेजारचं बोट गेलं. मधलं बोट अडकलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते सुनंदाबाईंनी परातीत पीठ मळता मळता बरोबर टिपलं. थोरली जाऊ ती. धाकट्या जावेच्या नव्या घराला तडा गेलाय म्हटल्यावर तिला गोड लागायचंच.

"वाढी गयी वं बाई," मंदाबाई म्हणाल्या. "मागल्या आठवड्यात करंगळीच जात होती."

"तुमची बोटं बारीक झाली असतील वहिनी. श्रावणाचे उपास आहेत."

दुपारपर्यंत त्या भेगेनं अख्ख्या भाऊबंदकीच्या बोटांचं माप घेतलं. जो यायचा तो आधी कानबाईपुढे डोकं टेकवायचा आणि मग भिंतीपुढे. अमळनेरहून आलेल्या एका चुलतसासऱ्यांनी तर चुकून आधी भिंतीलाच नमस्कार केला. पोरं भेगेत चिंचोके टाकून ते बाहेरच्या बाजूला कुठून निघतात ते बघत होती. कुठूनच निघत नव्हते, म्हणून आणखी टाकत होती.

वर्षातून एकदा कानबाई बसते आणि वर्षातून एकदाच हे सगळे एका छताखाली येतात. रोट भाजायचे ते घरच्या माणसांपुरते, खायचे ते घरच्या माणसांनीच. बाहेरच्याला त्यातला तुकडासुद्धा द्यायचा नाही. बाकी वर्षभर एकमेकांच्या बांधावरचं निंबाचं झाड तोडणारी माणसं त्या दिवशी एका पंगतीला बसून एकच रोट मोडतात. यंदा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, हट्टानं कानबाई सुनंदाबाईंच्या नव्या घरात बसवली होती. नवं घर साऱ्या गोताला दिसावं म्हणून. दिसलं.

हे घर याच उन्हाळ्यात, नव्वद सालच्या वैशाखात, ट्रकमधून आलं. खरंच ट्रकमधून. भिंती एका ट्रकमध्ये, छत दुसऱ्यात, चौकटी आणि खिडक्या तिसऱ्यात. बोरी नदीच्या पुलावरून ती वरात आली तेव्हा पारावरची माणसं उठून उभी राहिली होती. घर बनवलं होतं पितांबरनं, म्हणजे आबांच्या वारलेल्या भावाच्या मुलानं. धुळ्याला आग्रा रोडवर त्यानं सिमेंटच्या तयार भिंती ओतायचा कारखाना टाकला होता. पोरगा शिकलेला, बोलायला गोड, आणि त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. ते तो कुठंही ऐकवायचा, लग्नात, तेराव्याला, बसस्टँडवर.

"भिंती त्याच ठेवायच्या. पाय आणि टोपी बदलायची."

म्हणजे असं, की धुळ्याकडे मुरूम आहे, तिथं घर सरळ जमिनीवर बसवा. नवापूरकडे पाऊस झोडपतो, तिथं टोपी उतरती आणि लांब करा, भिंतीवर थेंब येता कामा नये. आणि आपल्याकडे, बोरीकाठच्या या काळ्या मातीत, घर बसवायचंच नाही. उभं करायचं. कारण ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की शेरडाचा पाय अडकावा. म्हणून खोल खांब घालायचे, खालच्या टोकाला मडक्यासारखे फुगीर. त्यावर घर ठेवायचं आणि जमिनीपासून गुडघाभर पोकळी सोडायची. कडेनं जाळीच्या विटा. माती खाली फुगेल, सुकेल, तिचं ती बघेल, घराला धक्का नाही. टोपीही दुहेरी, मधून वारा जाणारी, आपल्या उन्हाला तोड म्हणून.

"वर वारा, खाली वारा, मधी सुनंदा," असं गावात चाललं होतं.

सुनंदाबाईंना काही वाटलं नाही. जुन्या घरात एका चुलीवर सगळ्या खटल्याच्या भाकरी थापून त्यांच्या हातावरच्या रेघा पुसल्या होत्या. नव्या घरात त्यांना स्वतःची चूल मिळाली, उगवतीला खिडकी मिळाली, आणि मुख्य म्हणजे डब्यात साखर किती आहे हे मंदाबाईंना माहीत नसण्याचं सुख मिळालं. या एका सुखासाठी त्या बावीस वर्षं थांबल्या होत्या. वैशाखातल्या दुपारी, बाहेर पाखरू नसताना, त्या या फरशीवर पाठ टेकून झोपायच्या आणि त्यांना घाम यायचा नाही.

आषाढात पाऊस लागला आणि फरशी वर उचलली गेली. मग भिंतींचा सांधा सुटला. का सुटला, हे सुनंदाबाईंना ठाऊक होतं. त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. आबांनाही ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते स्वतःला कळू दिलं नव्हतं.

*

रविवारी नैवेद्य झाला, पंगती उठल्या आणि आबा ओट्यावर येऊन बसले. चुडामण आबा बसले की आजूबाजूची माणसं आपोआप खाली बसतात. खांबाला टेकून लीलाधर बसले, म्हणजे सुनंदाबाईंचे यजमान, आबांचा धाकटा मुलगा. पितांबर पांढऱ्या सफारीत पायरीवर बसला होता आणि पान न खाताच तोंड हलवत होता. बायका दारात, चौकटीला धरून.

सगळ्यांना माहीत होतं की दुसऱ्या दिवशी मगनभाऊ येणार आहेत. मगनभाऊ म्हणजे मंदाबाईंचे वडील, आबांचे व्याही, आणि दोंडाईच्याकडच्या एका सूतगिरणीचे डायरेक्टर. गिरणीला कापूस खरेदीच्या ठिकाणी नोकरांसाठी घरं बांधायची होती; एक जागा मुरमाची, एक काळ्या मातीची, एक नवापूरकडच्या पावसातली. पितांबरचं ते पाय आणि टोपीचं वाक्य जणू त्यांच्यासाठीच जन्माला आलं होतं. फक्त नमुन्याचं घर पावसाळ्यात कसं राहतं ते बघू, आपल्या व्याह्यांकडेच आहे, असं मगनभाऊ म्हणाले होते. पितांबरनं कारखाना याच कामाच्या आशेवर चालू ठेवला होता.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी गावानं काय काय म्हटलं ते एकेक करून सांगितलं. पाटलाच्या पोरानं विचारलं, आबा, पाहुणे जास्त आले तर भिंत सरकवता का. वाण्यानं विचारलं, ट्रक परत कधी येणार आहे घर न्यायला. साठ वर्षं या गावात मान खाली घातली नाही आणि आता भाडोत्री भिंतीपायी घालावी लागली. कानबाईच्या पाठीमागं तडा. गोतासमोर.

"सकाय कानबाई उठनी का हाई घर पाडी टाकानं," आबा म्हणाले. "मगनले मीच सांगस, हाई काम खोटं शे. लीलाधर, तू बायका-पोरं लिसन जुना घरमा ये."

दारात मंदाबाईंनी सुनंदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं ठेवला असता तर एवढा जड लागला नसता.

पितांबर पायरीवरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. त्याचं तोंड हलायचं थांबलं होतं. लीलाधर अंगठ्यानं ओट्यावरचं शेण खरवडत होते.

सुनंदाबाईंनी थोडी वाट पाहिली. कुणीतरी बोलेल अशी नव्हे, कुणीच बोलणार नाही याची खात्री करून घ्यायला. मग त्या दारातून एक पाऊल पुढं आल्या.

"आबा, घर खोटं नाही. घराच्या खाली माती भरलीय."

ओट्यावरच्या माना दाराकडं वळल्या. सासऱ्यापुढं सून बोलली, तेही भाऊबंद बसलेले असताना.

"वास्तुशांतीच्या आधी तुम्ही म्हणालात, पोकळ जागेवर कानबाई बसत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम साधा ठेवला होता, जणू मिठाचा डबा कुठं आहे ते सांगतायत. "तिच्या पायाखाली आपल्याच शेताची माती पाहिजे म्हणालात. नदीकडच्या काळ्या शेतातली ट्रॉल्या भरून आणली. ट्रॅक्टर यांनी चालवला. जाळ्यांतून आत ढकलली, धुम्मसनं ठोकली, वरून जाळ्या लिंपून टाकल्या. मी तुम्हाला पाणी द्यायला तिथंच उभी होते. जी माती फुगते म्हणून घर वर उचललं, तीच माती घराच्या पोटात कोंबली. फुगली ती. आणखी काय करणार. ती काढली तर घर खाली बसेल, सांधे भरता येतील. पाडायचं कारण नाही."

आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. सुनेकडं बघून उत्तर द्यायची पद्धत त्या घरात नव्हती. त्यांनी पितांबरकडं पाहिलं.

"खरं शे का रे, पितांबर? मातीना दोष शे का तुना?"

आता गंमत अशी, की पितांबरला ते वास्तुशांतीच्या दिवशीच दिसलं होतं. लिंपलेल्या जाळ्यांपुढं तो उभा राहिला होता, हात लावला होता, ओलं सारवण बोटाला लागलं होतं ते त्यानं हातरुमालाला पुसलं होतं. सुनंदाबाईंनी ते पाहिलं होतं. पण त्याच वेळी मगनभाऊ आबांच्या शेजारी बसून म्हणत होते, पोरानं नाव काढलं, आणि आबांच्या मिशीखाली हसू होतं. त्या हसण्यात माती कालवायची कुणी. तो जिलेबी खाऊन धुळ्याला निघून गेला होता.

म्हणून सुनंदाबाईंना वाटलं होतं, आज तो बोलेल. आज तर त्याचीच मान वाचते आहे.

पितांबर उठला. सफारीची घडी सारखी केली. आबांच्या पायाशी जाऊन उकिडवा बसला.

"माती नाही आबा. चूक माझी. नकाशातच राहून गेलं. पहिलंच घर होतं ना, हात बसलेला नव्हता. आता मी पाय सुधारलाय. पुढच्या घरांत असं होणार नाही. मगनभाऊंना तुम्ही एवढंच सांगा. पहिलं बिघडलं, पोरगं शिकलं. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

आणि लगेच, हळू आवाजात, "हे पाडायचं तर पाडा. भिंती मी परत नेईन, कुठं तरी वापरता येतील."

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. चुकीची कबुली द्यायला मोठं मन लागतं असं काहीतरी ते म्हणाले, भाऊबंदांनी माना हलवल्या. मगनशी ते स्वतः बोलतील. काम जातं कुठं.

मग त्यांनी हवेत बघून सांगितलं, "कानबाईना पायखालनी मातीले जी नावं ठेवस, तिनी कानबाई उचलानी नही. सकाय मंदा उचली."

ज्या घरी बसते त्या घरची बाई कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर जाते. सुनंदाबाईंनी त्यासाठी हिरवं लुगडं घडी घालून ठेवलं होतं.

आत गेल्यावर लीलाधर त्यांच्या मागोमाग आले. रागावलेले नव्हते, नुसते वैतागलेले, ट्रॅक्टर मध्येच बंद पडल्यावर असतात तसे.

"तुले काय गरज व्हती वं?"

"माती तुम्ही टाकली ना?"

"आबांनी सांगितलं होतं."

"मग आज आबांनी सांगितलं नाही म्हणून गप्प बसलात. खरंय. माझंच चुकलं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं हे मी विसरले."

पितांबर निघताना मोटरसायकलला किक मारायच्या आधी खिडकीशी आला. वहिनी, समजून घ्या म्हणाला. कारखान्यावर किती माणसं अवलंबून आहेत म्हणाला. तुमचं काय, तुम्हाला जुनं घर तरी आहे.

"भाऊजी, तुमच्या नकाशात सगळी माती आहे," सुनंदाबाई म्हणाल्या. "काळी आहे, मुरूम आहे. आबा कुठंच नाहीत. तेवढं दाखवत जा."

*

सोमवारी सकाळी डफ वाजू लागला. मंदाबाईंनी कानबाई उचलली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की नारळापेक्षा त्यांच्याकडेच बायका जास्त बघत होत्या. गुलाल उडाला, पोरं नाचली, गल्लीच्या वळणावर आबांची टोपी दिसेनाशी झाली. सुनंदाबाईंना कुणी ये म्हटलं नाही. घरी कुणीतरी थांबायला हवं, एवढंच लीलाधर म्हणाले.

त्या थांबल्या. आत येऊन रिकामा चौरंग त्यांनी भिंतीशी टेकवला. हिरवं लुगडं पेटीत परत ठेवलं आणि शेतात नेसायचं जुनेर नेसल्या. गोठ्यातून टिकाव, फावडं आणि घमेलं आणलं. स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला जाळ्यांवरचं लिंपण टिकावाच्या दोन घावांत पोपडे होऊन पडलं. मागं माती होती. काळी, ओली, चिकट, दाबून दाबून बसवलेली. फावडं आत जायचं पण बाहेर यायला मागायचं नाही. त्यांनी हातानं ओढायला सुरुवात केली.

नदी लांब होती आणि गाव कानबाईबरोबर गेलं होतं. त्यांना कुणी अडवलं नाही. सुरुवातीला त्या रडत होत्या, मग तेही सुटलं, कारण नाक पुसायला हात रिकामा नव्हता. जाळीमागून जाळी उघडली. अंगणात ढीग वाढत गेला. चपटा, काळा, चकाकणारा, म्हशीनं टाकलेल्या शेणाच्या पोसारखा, पण घराएवढ्या म्हशीनं. त्यातून पोरांचे काही चिंचोके निघाले.

जीप आली ती धुळ्याच्या रस्त्यानं, नदीवरची मंडळी परतायच्या आत. मगनभाऊ उतरले, त्यांच्यामागं गिरणीचे आणखी एक साहेब, चष्म्यातून सगळ्याकडे संशयानं बघणारे. समोर कोपरापर्यंत काळी झालेली बाई.

"हे काय चाललंय, बाई?" साहेबांनी विचारलं.

"घराला अपचन झालंय साहेब. पोट मोकळं करते आहे."

मगनभाऊ हसले नाहीत. साहेब मात्र वाकले, उघड्या जाळीतून आत बघितलं, खांब बघितला, वर चढलेली फरशी बघितली, ढिगातला एक गोळा उचलून चिमटीत दाबला. "ही माती इथं कुणी भरली?" एवढ्यात पितांबरची मोटरसायकल आली. कपाळावर गुलाल, सफारीच्या पायांना नदीचं पाणी. मागून आबा, लीलाधर, मंदाबाई, डफवाले, सगळं गोत.

पितांबरनं ढीग पाहिला. उघड्या जाळ्या पाहिल्या. सुनंदाबाईंकडं पाहिलं. त्यांनी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, माती बोलेल. त्यांना बघायचं होतं, आता हा कुठं जातो.

तो कुठंच गेला नाही. उलट पुढं आला आणि साहेबांच्या हातातला गोळा अदबीनं आपल्या हातात घेतला.

"बरं झालं साहेब, वेळेवर आलात. हेच तुम्हाला दाखवायचं होतं. लोक म्हणतात, खाली पोकळी कशाला, खर्च कशाला. म्हणून आम्ही आमच्याच घराखाली माती भरून पाहिली. अर्धाच पावसाळा झालाय. बघा भिंत कशी सुटलीय. खांब जागचा हललेला नाही, बघा. आता पोकळी मोकळी केली की फरशी परत बसते. काळ्या मातीत पाय का बदलायचे, ते मी तोंडानं सांगून पटलं नसतं."

साहेबांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला. "स्वतःच्या घरावर प्रयोग केलात?"

"आबांनी परवानगी दिली म्हणून," पितांबर म्हणाला.

सगळे आबांकडं वळले. आबांच्या टोपीवर गुलाल होता. त्यांनी ढिगाकडं पाहिलं, मग मगनभाऊंकडं. काल ओट्यावर जे शब्द त्यांच्या गळ्यातून बाहेर यायला तयार नव्हते, ते आज टोपी सारखी करत, सगळ्या गावासमोर, आरामात आले.

"माती मीच टाकायला सांगितली होती," आबा म्हणाले.

मगनभाऊंनी त्यांना मिठी मारली. चष्मेवाले साहेब म्हणाले, असा घरधनी पाहिला नाही. भाऊबंदांनी माना हलवल्या, कालच्याच माना. घर पाडायचं नाही हे कुणी बोललं नाही, ते सगळ्यांनी आपलं आपण समजून घेतलं. मंदाबाईंचा तेवढा चेहरा उतरला, पण त्यांच्या वडिलांची वाहवा होत होती म्हणून त्यांना तोही धड उतरवता येईना.

"सुनंदा, चहा टाक पाहुण्यांना," त्या म्हणाल्या.

सुनंदाबाईंनी फावडं पुसलं नाही. तसंच, चिखलासकट, पितांबरच्या हातात दिलं.

"प्रयोग अर्धाच झालाय भाऊजी. साहेब आलेत तर पुरा दाखवा. आतल्या खांबापर्यंत."

पितांबर हसायला गेला. पण चष्मेवाले साहेब आधीच वाकले होते. "हो, हो. मधला खांब बघायचाच आहे मला. जरा मोकळा करा."

साहेबांसमोर नाही म्हणता येईना. पांढऱ्या सफारीची बाही त्यानं दुमडली, मग कळलं की बाही दुमडून भागणारं नाही. गुडघे टेकून, मग पोटावर, तो घराखाली शिरला.

सुनंदाबाई आत गेल्या. हात धुतले, पाणी बराच वेळ काळं निघत राहिलं. स्टोव्ह पेटवला. फरशीखालून खरडल्याचा आवाज येत होता, मध्येच खोकला. बाहेर आबा मगनभाऊंना सांगत होते की मातीचा त्यांना पहिल्यापासूनच अंदाज होता.

लीलाधर कपबश्या न्यायला दारात आले.

"राहिलं ना घर," ते म्हणाले. "आता तरी तोंड सरळ कर."

"घर तुमचंही आहे. कपबश्यांचं मी बघते. तुम्ही खाली जा, घमेलं धरा त्याला. माती तुम्हीच भरली होती."

लीलाधर चौकटीला धरून उभे राहिले. एकदा फरशीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. ते निघतीलच असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात बाहेरून आबांनी हाक मारली, लीलाधर, व्याह्यांना खुर्ची दे रे, आणि ते तिकडं गेले.

सुनंदाबाईंनी पाहुण्यांचा चहा मंदाबाईंच्या हाती बाहेर पाठवला. पातेल्यात उरलेला एका कपात ओतला, दार लोटलं आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात, अगदी खरडण्याच्या आवाजावर, मांडी घालून बसल्या.